हवेचा टोल

अण्णा गेल्यावर त्यांचे कपाट आवरताना खिशात मावतील अशा अठरा डायऱ्या सापडल्या. त्यांत आत्मचरित्र नव्हते, की कुणाला लिहून न पाठवलेली पत्रे नव्हती. सगळ्या डायऱ्या पेट्रोलच्या होत्या. १९८१ साली त्यांनी एक वापरलेली प्रीमियर पद्मिनी घेतली आणि ती विकेपर्यंत दर वेळी टाकी भरली की तारीख, मीटरवरचे किलोमीटर, भरलेले लिटर आणि भागाकार करून आलेला आकडा टिपून ठेवला. शेवटचा रकाना ‘शेरा’ असा होता. आमचे पुण्याहून दादरला आत्याकडे वर्षातून सहासात वेळा तरी जाणे होई. दोन्ही टोकांना टाकी काठोकाठ भरायची त्यांची शिस्त असल्यामुळे जातानाचे ॲव्हरेज आणि येतानाचे ॲव्हरेज वेगवेगळे मिळते.

डायऱ्या वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. मुंबईला जातानाचा आकडा येतानाच्या आकड्यापेक्षा जवळजवळ नेहमी मोठा आहे. अण्णांच्याही ती लक्षात आली होती. त्यांनी शेऱ्यात लिहिले आहे, ‘पुण्याचे पेट्रोल शुद्ध.’ पुढे काही वर्षे हाच निष्कर्ष निरनिराळ्या शब्दांत येतो. मात्र जुलै-ऑगस्टमधल्या फेऱ्यांत मुंबईला जातानाचाही आकडा घसरलेला दिसतो. तिथे शेरा आहे, ‘पावसात पेट्रोलमध्ये पाणी?’ त्या प्रश्नचिन्हावर माझा जीव आहे. त्यांना खात्री नव्हती आणि खात्री नसल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते.

हा लेख त्या दोन शेऱ्यांना दिलेले उशिराचे उत्तर आहे. उत्तर शोधताना एक जुना आणि साधा नियम पुन्हा हाती लागला. हमरस्त्यावर सेडान गाडी किती पेट्रोल पिते हे पंप, इंजिन तेल, पेट्रोलमधली औषधे, सकाळची थंड वेळ यांपैकी कशावरही मोठ्या प्रमाणात ठरत नाही. ते ठरते समोरच्या हवेवर, आणि त्या हवेत आपण किती वेगाने शिरतो त्यावर.

आधी हिशेब मांडू. एक मध्यम सेडान घ्या. आत माणसे आणि डिकीत सामान धरून वजन १३०० किलो. सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललेल्या या गाडीला मागे ओढणाऱ्या दोनच गोष्टी असतात. पहिली टायर. रबर रस्त्याला टेकते तिथे दबते आणि पुढे गेल्यावर पुन्हा फुगते. पण दाबताना जेवढी ऊर्जा घेतली तेवढी ते परत करत नाही, उरलेली उष्णता होऊन जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला की ती हाताला कळते. चांगल्या टायरांच्या बाबतीत हा अडथळा गाडीच्या वजनाच्या एक टक्क्याच्या थोडा वर असतो. म्हणजे मागे दोरी बांधून कुणी साधारण १४ किलोच्या जोराने गाडी ओढत आहे असे समजा. गंमत म्हणजे हा जोर वेगाबरोबर फारसा बदलत नाही. चाळीसला १४ आणि शंभरलाही जवळपास १४.

दुसरी गोष्ट हवा. तिचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. आपल्या गाडीची समोरून दिसणारी छाती सव्वादोन चौरस मीटरच्या आत आणि आकाराचा गुणांक ०.३० धरला तर ताशी ६० किलोमीटरला हवेचा जोर साडेदहा किलो भरतो. ८०ला तो १९ किलो होतो, १००ला २९ आणि १२०ला ४२. ताशी ७०च्या आसपास टायर आणि हवा बरोबरीत येतात. त्यापुढे जो काही जास्तीचा वेग घेतला, त्याची जवळजवळ सगळी किंमत हवा वसूल करते.

आता पेट्रोल. आज पंपावर मिळणाऱ्या एका लिटरमध्ये साधारण ३० मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यातली बरीचशी रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्यावाटे उष्णता होऊन निघून जाते. हमरस्त्यावर चाकांपर्यंत पाव हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त पोचते. ८ मेगाज्यूल पोचतात असे धरू. दोन्ही जोरांची बेरीज करून भागाकार केला की ताशी ८०ला लिटरमागे साधारण साडेचोवीस किलोमीटर येतात, ९५ला २०, १००ला पावणेएकोणीस आणि १२०ला साडेचौदाच्या आत. हे कागदावरचे गणित आहे. प्रत्यक्षात जास्त भारावर इंजिन थोडे अधिक कार्यक्षम होते, त्यामुळे उतार याहून किंचित सौम्य असतो. पण ज्यांनी टाकी फुल ते टाकी फुल मोजले आहे त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील.

वेग आणि पेट्रोल यांचे हे नाते जगाला एकदम आठवले ते १९७३च्या ऑक्टोबरमध्ये. अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली. पश्चिम जर्मनीने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि जिथे वेगाला मर्यादाच नव्हती त्या ऑटोबानवर काही महिने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आणली. आपल्याकडे पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. अमेरिकेत २ जानेवारी १९७४ रोजी निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा आली. ती या ना त्या रूपात १९९५पर्यंत टिकली. तिच्यामुळे वाचलेले तेल अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले, कारण लोकांनी ती मनापासून पाळली नाही. पण रस्त्यावरचे मृत्यू एका वर्षात ५४ हजारांवरून ४५ हजारांवर आले. त्यात लोक मुळात कमी फिरले याचाही वाटा होता. तरी तेल वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने माणसे वाचवली हे खरेच.

आपल्याकडची पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था त्याच दशकात, १९७८ साली, उभी राहिली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चालवा हा तिचा सल्ला पंपांवरच्या पाट्यांवरून आपल्या पिढीच्या डोक्यात बसला. चार गिअरच्या गाड्या आणि दुपदरी रस्ते यांच्या काळात तो योग्यच होता. आजच्या द्रुतगती मार्गावर पन्नासने चालणारी मोटार मात्र मागच्यांसाठी अडथळा ठरेल. शिवाय वेग कमी करत गेले की फायदा वाढतच जातो असेही नाही. इंजिनाला स्वतःला फिरत ठेवण्याचा म्हणून एक ठरलेला खर्च असतो. गाडी फार हळू चालली की तो खर्च थोड्याच किलोमीटरवर वाटला जातो, आणि खालच्या गिअरमध्ये चालली तर तो आणखी वाढतो. आजच्या पाच-सहा गिअरच्या सेडानला सगळ्यांत काटकसरीचा वेग सामान्यतः वरच्या गिअरमध्ये इंजिन न कुरकुरता चालेल एवढा असतो. म्हणजे साठ ते ऐंशीच्या दरम्यान कुठेतरी.

वरच्या गिअरचे कारण सांगायला हवे, कारण ‘इंजिन कमी फिरले म्हणून कमी प्याले’ एवढ्यावर सगळे थांबतात. पेट्रोल इंजिनात हवा आत जाण्याच्या वाटेवर एक झडप असते. आपण पाय हलका ठेवला की ती जवळजवळ मिटते, आणि इंजिनाला तिच्या फटीतून हवा ओढावी लागते. चिमटीत दाबून धरलेल्या नळीने उसाचा रस पिऊन पाहा, मग त्याचे कष्ट कळतील. वरच्या गिअरमध्ये इंजिन हळू फिरते, त्यामुळे तेवढेच काम करायला झडप अधिक उघडावी लागते आणि श्वास मोकळा होतो. म्हणून सपाटीवर शंभरने जाताना चौथ्यात राहणे आणि पाचव्यात जाणे यांत ॲव्हरेजचा फरक पडतो. चढावर मात्र इंजिन थरथरायला लागले तरी पाचवा न सोडणे ही काटकसर नाही, छळ आहे.

सेडान या आकाराबद्दल दोन शब्द. झेपेलिन विमानांच्या कारखान्यात काम केलेल्या पॉल यराय यांनी १९२०च्या दशकात मोटारीला थेंबाचा आकार द्यायचा प्रयत्न केला. थेंबाची लांब शेपटी रस्त्यावर गैरसोयीची होती. पुढच्या दशकात जर्मनीतल्याच वुनिबाल्ड काम यांनी दाखवले की शेपटी मध्येच कापली तरी बराचसा फायदा टिकतो. हवेचा त्रास पुढून जेवढा होतो त्याहून जास्त मागून होतो. गाडीमागे हवा नीट जुळून आली नाही की तिथे भोवऱ्यांची पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे खेचते. सेडानची उतरती काच आणि बाहेर आलेली डिकी ही त्या दृष्टीने बऱ्यापैकी शेपटी आहे. हे ज्ञान बरीच वर्षे पडून होते. पेट्रोल महागल्यावर त्याला भाव आला. १९८२ची आउडी १०० ही ०.३० गुणांकाची गाडी म्हणून गाजली. आज ०.३०चे कुणाला अप्रूप नाही. उंच, चौकोनी एसयूव्हीचा गुणांक जास्त आणि छातीही मोठी, त्यामुळे तिला त्याच वेगाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त हवा ढकलावी लागते. आपल्या रस्त्यांवर सेडान कमी होत चालल्या आहेत आणि ज्यांना नवा द्रुतगती मार्ग रोज तुडवायचा आहे तेच एसयूव्ही घेत आहेत, हा विनोद मला नीटसा पचत नाही.

त्या सेडानच्या टपावर दिवाळीत कॅरिअर बांधून गावी जाणारे पाहिले की डिकी कशासाठी दिली आहे असे विचारावेसे वाटते. टपावरच्या मोठ्या, बोथट पेटीमुळे हमरस्त्यावर ६ ते १७ टक्के ॲव्हरेज जाते असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे आहेत. तेच सामान डिकीत गेले तर केवळ वजन वाढते, आणि सपाटीवर सारख्या वेगात वजनाचा भार टायरपुरताच असतो.

वजन खरे बोलते ते घाटात. इथे अण्णांच्या पहिल्या शेऱ्याचे उत्तर आहे. मुंबई समुद्राच्या पातळीवर, पुणे सुमारे ५६० मीटरवर. १३०० किलो तेवढे उचलायला सात मेगाज्यूलच्या वर ऊर्जा लागते, म्हणजे पाऊण ते एक लिटर पेट्रोल. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात आजच्या सेडानला आठ लिटर लागत असतील तर येताना जवळजवळ नऊ लागणार. जाताना ते थोडेफार परत मिळते, पण सगळे मिळत नाही. बरेचसे ब्रेक तापवण्यात जाते. पद्मिनी याहून हलकी होती आणि पीतही जास्त होती, तरी तत्त्व तेच. पुण्याचे पेट्रोल शुद्ध नव्हते, पुणे उंच होते. दुसऱ्या शेऱ्याचे उत्तर वाऱ्यात आहे. पावसाळ्यात कोकणात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे मुंबईला जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. हवेला आपला मीटर दिसत नाही, तिला कळतो तो समोरासमोरचा वेग. साठने चाललेल्या पद्मिनीला समोरून २५चा वारा असला तर हवेच्या दृष्टीने ती ८५ने चालली आहे, आणि ८५चा वर्ग ६०च्या वर्गाच्या दुप्पट आहे. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारावे लागते ते वेगळेच. तेव्हा पेट्रोलमध्ये पाणी नव्हते, ते रस्त्यावर होते.

घाटाचा विषय निघाला आहे तर न्यूट्रलबद्दल बोलायलाच हवे, कारण आपल्याकडच्या पेट्रोलबचतीच्या घरगुती शहाणपणात याच्याइतकी पक्की रुजलेली आणि याच्याइतकी घातक दुसरी गोष्ट नाही.

अण्णा बोरघाट उतरताना शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे टाकत आणि गाडी न्यूट्रलला घेत. मागच्या सीटवर आम्हां भावंडांना ती एकदम आलेली शांतता आवडायची. अण्णांचे त्यामागचे गणित त्या काळाला धरून चूक नव्हते. पद्मिनीला कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटरला विचार नसतो, त्याला ओढ कळते. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर उतारावर चाके इंजिनाला जोरात फिरवत, वरची झडप मिटलेली असल्याने आत मोठी पोकळी निर्माण होई आणि ती मंद गतीसाठी ठेवलेल्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढत राही. न्यूट्रलला घेतले की इंजिन फक्त मंद गतीपुरते पेट्रोल घेई. म्हणजे न्यूट्रलमध्ये खरोखर बचत होती.

२०००च्या सुमाराला उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. आता पेट्रोल ओढले जात नाही, संगणकाच्या हुकमाने फवारले जाते. गाडी गिअरमध्ये आहे, पाय पूर्ण वर आहे आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या वर फिरते आहे असे दिसले की हा संगणक फवारा बंदच करतो. इंजिन फिरते ते चाकांच्या जोरावर. त्या वेळी पेट्रोलचा खर्च शून्य असतो. क्षणोक्षणीचे ॲव्हरेज दाखवणारा पडदा तुमच्या गाडीत असेल तर घाट उतरताना त्यावरचा आकडा टोकाला जाऊन थांबतो, तो यामुळे. तीच गाडी न्यूट्रलला घेतली की इंजिनाला चाकांचा आधार उरत नाही, ते बंद पडू नये म्हणून संगणक पुन्हा पेट्रोल द्यायला लागतो, तासाला अर्धा ते पाऊण लिटर. लोणावळा ते खोपोली वीस मिनिटे धरली तर वीसेक रुपयांचे पेट्रोल बचतीच्या नावाखाली जळते. वीस वर्षांत इंजिनाने आपली रीत उलटी केली आणि आपण मात्र बापाची सवय पुढे चालवत राहिलो. हौशी चालक यावर म्हणतील की अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी रेंगाळते आणि पुन्हा पाय द्यावा लागतो, तिथे न्यूट्रलमध्ये काही थेंब वाचू शकतात. वाचतीलही. पण घाट हा सौम्य उतार नव्हे.

घाटातल्या न्यूट्रलचा खरा हिशेब पेट्रोलचा नाहीच. इंजिनाने धरून ठेवलेली गाडी सोडून दिली की ती आवरण्याचे सगळे काम ब्रेकवर येते. चढताना घातलेले ते सात मेगाज्यूल उतरताना कुठेतरी जायलाच हवेत. ते ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये उष्णता होऊन साठतात. एका मर्यादेपुढे ब्रेकचे अस्तर घर्षणच सोडते. पायाखाली पेडल असते, पण गाडी थांबत नाही. एकदा खोपोलीला उतरेपर्यंत आमच्या गाडीत जळका वास भरला. अण्णांनी कडेला गाडी घेतली आणि एका टपरीवर आम्हांला तासभर बसवून ठेवले. आम्हांला वडापाव मिळाला म्हणून आम्ही खूश होतो. त्या तारखेपुढे डायरीत १३.६ असा त्या वर्षीचा सगळ्यांत मोठा आकडा आहे आणि शेऱ्याचा रकाना कोरा आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर अवजड गाड्यांचे अपघात होतात, तेव्हा न्यूट्रलचा उल्लेख हटकून येतो. ट्रक चाळीस टनांचा असतो आणि त्याचा चालक महिन्याच्या डिझेलचा हिशेब मालकाला देत असतो. त्याची मजबुरी समजू शकते. सेडानवाल्याला तीही नाही.

ब्रेकचे दुसरे गणित सपाटीवरचे. ताशी शंभरने जाणाऱ्या आपल्या गाडीत अर्धा मेगाज्यूल गतीची ऊर्जा साठलेली असते. एकदा पूर्ण थांबून पुन्हा शंभर गाठायचे तर साठ मिलिलिटरच्या थोडे वर पेट्रोल लागते. टपरीवरच्या कटिंग चहाएवढे. शंभरवरून साठवर येऊन परत शंभर केले तरी चाळीस मिलिलिटर. पुढच्या ट्रकच्या शेपटीपर्यंत जोरात जायचे, ब्रेक मारायचा, लेन मोकळी झाली की पुन्हा दाबायचे, असे तासात वीस वेळा करणारा माणूस पाऊण लिटरच्या वर पेट्रोल ओतून टाकतो, आणि पोचतो बहुधा आपल्याच बरोबर. यावर उपाय म्हणजे लांबवर पाहणे. पुढे अर्ध्या किलोमीटरवर गर्दी दिसली की आत्ताच पाय काढावा. फवारा बंद होतो आणि तेवढे अंतर फुकटात जाते. ट्रकच्या अगदी मागे राहून त्याच्या आडोशाने पेट्रोल वाचवण्याची युक्ती काही जण सांगतात. हवेचा जोर कमी होतो हे खरे, पण ट्रकचालकाने ब्रेक मारला तर आपल्याला ते कळायच्या आत आपण त्याच्याखाली असू. तिचा विचारही करू नये.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगता येतील. टायरमधली हवा थंड टायरवर मोजावी आणि चालकाच्या दाराजवळच्या चिकटपट्टीवर दिलेली ठेवावी. हवा कमी असण्याने ॲव्हरेज थोडे जाते. पण मोठा धोका पैशाचा नसून टायर तापून फुटण्याचा आहे, उन्हाळ्यातल्या सिमेंटच्या रस्त्यावर तर विशेष. सकाळी थंड पेट्रोल भरले की जास्त मिळते ही समजूत जमिनीखालच्या टाकीचे तापमान दिवसभर फारसे हलत नाही हे विसरते. एसीबद्दल अर्धसत्ये दोन्ही बाजूंनी आहेत. एसी तासाच्या हिशेबाने पेट्रोल घेतो, सेडानमध्ये तासाला साधारण अर्धा लिटर. उघड्या काचा किलोमीटरच्या हिशेबाने घेतात आणि तोही वेगाच्या वर्गाने. म्हणून गावातल्या कोंडीत एसी महाग पडतो आणि हमरस्त्यावर तितकासा पडत नाही. काचा कुठल्या वेगाला बंद कराव्यात याचा एकच आकडा सगळ्या गाड्यांना लागू होणार नाही. मी स्वतः सत्तरच्या पुढे काचा बंद करतो. त्यात पेट्रोलपेक्षा कानांचा विचार जास्त आहे.

गाडी घेताना सांगितला जाणारा ॲव्हरेजचा आकडा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत हा आपल्याकडे तक्रारीचा कायमचा विषय. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. तिचे नाव त्या आकड्याला इतके चिकटले आहे की लोक ‘एआरएआय मायलेज’ असाच शब्द वापरतात. ती फसवणूक नाही, पण तो हमरस्त्याचा आकडाही नाही. गाडी रूळांवर उभी करून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. एकूण वीसेक मिनिटे, साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग ताशी तिशीच्या थोडा वर आणि कमाल वेग ९०, तोही क्षणभर. सगळ्या गाड्यांची एकाच मापाने तुलना व्हावी म्हणून ती चाचणी आहे. एकशेवीसने नागपूर गाठणाऱ्याला ती काहीही वचन देत नाही.

पेट्रोलही बदलले आहे. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश ऊर्जा. त्यामुळे लिटरमधली एकूण ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. ॲव्हरेज नेमके किती घटेल हे इंजिन त्या मिश्रणासाठी जुळवलेले आहे का यावर अवलंबून आहे. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाने याबद्दल कुरकुर करावी की समाधान मानावे हे त्याचे त्याने ठरवावे.

आता राहिला नागपूरचा प्रश्न. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि जून २०२५मध्ये तो पूर्ण खुला झाला. मोटारींना सपाटीवर १२०ची मुभा आहे. वरच्या गणिताने तो अख्खा रस्ता १२०ने कापला तर साडेअठ्ठेचाळीस लिटर आणि पाच तास पन्नास मिनिटे लागतात. ९५ने कापला तर ३५ लिटर आणि सात तास तेवीस मिनिटे. दीड तासाची किंमत साडेतेरा लिटर, लिटरमागे शंभर रुपये धरले तरी साडेतेराशे. गाडीत चौघे असतील तर चौघांचे दीड-दीड तास आहेत, आणि कुणाच्या वेळेला किती मोल हे दुसऱ्याने सांगू नये. मात्र सरकार वेळ विकते तेव्हा टोलची पावती देते. हवा पावती देत नाही, आणि तिचा टोल बहुतेक वेळा मोठा असतो. देशात लागणाऱ्या कच्च्या तेलातला दहापैकी आठाहून जास्त हिस्सा आपण बाहेरून आणतो. त्या तेलातले किती केवळ हवा बाजूला सारण्यात जाते, हा प्रश्न रस्त्यांची वेगमर्यादा ठरवताना कुणी विचारला होता का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

गेल्या वर्षी भाऊबीजेला ताईकडे नागपूरला गेलो होतो. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत जुना रस्ता, पुढे चारशेहून अधिक किलोमीटर समृद्धी. जाताना उशीर झाला होता म्हणून सगळा वेळ काटा १२०वर होता. तिथे भाच्याने विचारले, “मामा, तुम्ही तर पेट्रोलवर लेख लिहिताय ना? मग ॲव्हरेज किती आलं?” मी सांगितले नाही. येताना ९०-९५ने आलो, डाव्या लेनमधून, ट्रकांना तेवढे ओलांडत. समृद्धीवर तासभर जास्त लागला. पुणे नागपूरपेक्षा अडीचशे मीटर उंच, म्हणजे चाळीसेक रुपयांचा चढही भरायचा होता. तरी घरी पोचलो तेव्हा टाकीचा काटा जातानापेक्षा बराच वर होता.

अण्णांच्या अठराव्या डायरीत शेवटची पंधरा-वीस पाने कोरी आहेत. त्या रात्री तारीख, किलोमीटर, लिटर आणि भागाकार त्यांच्याच रकान्यांत लिहिले. कार्तिकात तिकडे वारा बहुधा ईशान्येचा असतो, तेव्हा शेऱ्यात लिहिले, ‘वारा पाठीचा?’